वाकळीवर शिवणारीचं नाव

बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला नावाचं मोल वेगळं शिकवावं लागत नाही. दुकानाची पाटी कुठल्या लिपीत असावी, वेशीवरच्या फलकावर गावाचं नाव कसं लिहावं, शहराला काय म्हणावं, यावरून इथल्या तीन पिढ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासूनचं सीमावादाचं हे दुखणं 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. 2014 च्या नोव्हेंबरात सरकारदप्तरी बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा कितीतरी घरांत त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. नाव पुसलं की माणूसच पुसला जातो, हे आपण इतकी वर्षं पोटतिडकीनं सांगत आलो आहोत. म्हणूनच पुढचा प्रश्न मला आपल्याच माणसांपुढे मांडायचा आहे.

आपल्या आज्यांनी, आयांनी, मावश्यांनी शिवलेल्या वाकळा, म्हणजे गोधड्या, आता घराबाहेर पडू लागल्या आहेत. प्रदर्शनात टांगल्या जातात, शहरातल्या दुकानांत विकल्या जातात, रिसॉर्टच्या खाटांवर अंथरल्या जातात, मोबाइलवर फोटो बघून मागवल्या जातात. त्यांच्यावर लांबी-रुंदी लिहिलेली असते, किंमत असते, विकणाऱ्याचा शिक्का असतो. शिवणारीचं नाव नसतं. ते असलं पाहिजे, आणि किमतीतला तिचा वाटा किती हेही उघडपणे सांगितलं गेलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे. पण एवढं व्हायलासुद्धा काय काय करावं लागतं, ते अमेरिकेतल्या एका चित्रकर्तीच्या आयुष्यात बघायला मिळतं. आधी तिच्याबद्दल सांगते.

फेथ रिंगोल्डचा जन्म 1930 चा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. लहानपणी दमा होता, त्यामुळे शाळा बुडायची, आणि ती घरी बसून रंगीत खडूंनी चित्रं काढायची. आई विली पोझी शिवणकामात तरबेज. पुढे तिनं फॅशन डिझायनर म्हणून स्वतःचं नाव केलं. त्या घराण्यात गोधड्या शिवण्याची रीत सूझी शॅनन नावाच्या पूर्वज बाईपर्यंत मागे जाते. ही सूझी गुलामगिरीत जन्मलेली. मळ्याच्या मालकाच्या घरासाठी गोधड्या शिवणं हा तिच्या राबण्याचाच एक भाग होता. म्हणजे ज्या हातांच्या कामाची ऊब दुसऱ्यांनी घेतली, ते हात कुणाचे याची नोंद मालकाच्या घरी ठेवायचं काही कारणच नव्हतं. ती नोंद राहिली ती लेकी-नातींच्या बोलण्यातून.

फेथ कॉलेजात चित्रकला घ्यायला गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं की त्या शाखेत बायकांना प्रवेश नाही; शिक्षिका व्हायचं असेल तर शिक्षणशास्त्राकडून या. ती तिकडून आली. 1955 ला पदवी, 1959 ला एम. ए., पदरात दोन मुली, आणि 1973 पर्यंत न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत चित्रकलेची मास्तरकी. आपल्याकडे अशा कितीतरी बाई आहेत, ज्या शाळेत फळ्यावर हत्ती-घोडे काढून दाखवतात आणि स्वतःचे रंग रात्री, सगळे झोपल्यावर उघडतात. फेथनं त्याच वर्षांत ‘अमेरिकन पीपल’ ही वीस चित्रांची मालिका पुरी केली. तिच्यातलं 1967 चं शेवटचं चित्र अंगावर येतं. त्यात काळे आणि गोरे, बायका आणि पुरुष रस्त्यावर रक्तबंबाळ होऊन धावताहेत, आणि मधोमध एक काळं आणि एक गोरं पोर एकमेकांना धरून बसलं आहे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ते 2016 साली विकत घेतलं, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी. 2019 मध्ये ते पिकासोच्या प्रसिद्ध चित्राच्या दालनात लावलं गेलं. चित्र तेच होतं. बदलायला हवं होतं ते बघणाऱ्यांना, आणि ते आपसूक बदलले नाहीत.

1970 मध्ये न्यूयॉर्कच्याच व्हिटनी म्यूझियमच्या वार्षिक प्रदर्शनात निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत, अशी मागणी घेऊन फेथ आणि तिच्या सोबतिणी उभ्या राहिल्या. लूसी लिपार्ड ही समीक्षक त्यांच्यात होती. त्यांनी दालनांत शिट्ट्या वाजवल्या, कोपऱ्याकोपऱ्यात अंडी आणि सॅनिटरी नॅपकिन ठेवून दिले. सभ्य माणसांना ते फार लागलं. पण त्या वर्षी बेटी सार आणि बार्बरा चेस-रिबू या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांचं काम त्या संग्रहालयात पहिल्यांदा मांडलं गेलं. नुसत्या विनंतीअर्जांवर ते झालं असतं असं मला वाटत नाही. इथल्या मोर्चांत ज्या बायका पुढे चालल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिच्या सगळ्या कामांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते 1971 चं भित्तिचित्र, न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या स्त्रियांच्या तुरुंगासाठी केलेलं. काम घेतल्यावर ती आधी कैदी बायकांना भेटली आणि तुम्हाला भिंतीवर काय बघायला आवडेल असं विचारलं. एकीनं इथून बाहेर जाणारा रस्ता मागितला. फेथनं मोठ्या कॅनव्हासवर आठ भाग पाडले आणि प्रत्येकात बायका काढल्या. कुणी बस चालवते आहे, कुणी डॉक्टर आहे, कुणी पोलीस, कुणी बास्केटबॉल खेळते आहे, आणि एक तर देशाची राष्ट्राध्यक्ष आहे. यातलं बरंचसं त्या काळी प्रत्यक्षात बघायला मिळत नव्हतं. पुढे 1988 मध्ये तो तुरुंग पुरुषांचा झाला आणि चित्रावर पांढरा रंग फासण्यात आला. नंतर कुणाच्या तरी ध्यानात आलं, तो रंग काढून चित्र वाचवण्यात आलं, आणि 2022 मध्ये ते ब्रुकलिन म्यूझियममध्ये आलं. पांढरा रंग फासणाऱ्यांच्या मनात फार मोठा द्वेष असेल असं नाही. त्यांच्या लेखी ती भिंत होती, आणि भिंतीला रंग देतात. हरवण्याचा हा प्रकार मला जास्त घातक वाटतो, कारण त्यात कुणावर बोट ठेवता येत नाही.

1972 मध्ये अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिनं तिबेटी थांका पाहिले: कापडावरचं चित्र, भोवती कापडाचीच चौकट. गुंडाळून काखेत मारावं आणि कुठंही न्यावं. जड लाकडी चौकटी हलवायला माणसं लागतात, पैसे लागतात. हे एकटीला जमण्यासारखं होतं. तिच्या चित्रांना कापडी चौकटी शिवून द्यायला आई बसली. 1980 मध्ये मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली, ‘एकोज ऑफ हार्लेम’. त्यात हार्लेमच्या माणसांचे तीस चेहरे. पुढच्या वर्षी आई गेली. ती गोधडी आजही दोघींच्या नावानं ओळखली जाते, कारण फेथनं आईला मदतनीस म्हणून बाजूला ठेवलं नाही. मग तिनं गोधडीवर गोष्टी लिहायला घेतल्या. आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा जे सांगायचं ते कापडावर लिहू, गोधडी टांगली की लोक उभे राहून वाचतील, असा तिनं विचार केला. 1983 च्या पहिल्या गोष्टीच्या गोधडीत तिनं जेमायमाला घेतलं. जेमायमा म्हणजे अमेरिकेत पॅनकेकच्या पाकिटावर पूर्वी असलेली, डोक्याला फडकं बांधलेली, सदा हसरी काळी स्वयंपाकीण. फेथनं तिला धंदा करणारी, स्वतःचं घराणं असलेली बाई केलं. आत्मचरित्र छापून आलं ते 1995 मध्ये.

आणि 1991 मधली ती सूर्यफुलांची गोधडी. फ्रान्समधलं शेत, आणि त्यात अमेरिकेतल्या आठ थोर कृष्णवर्णीय स्त्रिया हातात एक मोठी सूर्यफुलांची गोधडी धरून उभ्या आहेत. सोजर्नर ट्रूथ आहे, हॅरिएट टबमन आहे, बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आहेत. सूर्यफुलांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला व्हॅन गॉगसुद्धा आहे. तो एका कडेला, हातात फुलं घेऊन उभा आहे. मधली जागा बायकांची आणि त्यांच्या शिवणाची. एप्रिल 2024 मध्ये फेथ रिंगोल्ड गेली, 93 वर्षांची होऊन.

आता आपल्याकडे येऊ.

सुगी सरली, उन्हं तापायला लागली की आपल्या गावांत सोप्यात किंवा अंगणातल्या सावलीला वाकळ अंथरली जाते. खाली मऊ झालेलं लुगडं पसरायचं. त्यावर फाटकी धोतरं, चादरींचे तुकडे, पोरांचे आखूड झालेले शर्ट उसवून असे थर द्यायचे. विरलेला भाग आत, धड राहिलेला वर. कापड सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा. मग दाभणात दोरा ओवून कडेनं धावदोरा घालत घालत आत यायचं. दोघी-तिघी एकेका बाजूला बसतात, आणि दुपारभर हात आणि तोंड दोन्ही चालू असतात. शहापूर-वडगावच्या मागांवरची साडी, इरकलीचा पदर, खणाचा तुकडा, लग्नातलं आणि बाळंतपणातलं कापड, सगळं त्यात जातं.

माझ्या मावशीनं शिवलेली एक वाकळ माझ्याकडे आहे. वरचं कापड निळ्या इरकलीचं, काठाचा तांबडा रंग एका बाजूला उडालेला. जवळ घेऊन बघितलं तर अर्ध्या भागात टाके बारीक आणि ताणून घातलेले, उरलेल्या अर्ध्यात लांब आणि सैल. म्हणजे हात दोन आहेत. मधे पांढरा दोरा संपून तांबडा सुरू होतो, आणि तो नेमका अशा ठिकाणी बदललाय की तिथं एक चौकोन दिसतो. ते सहज झालं म्हणावं, तर दुसऱ्या टोकाला बरोबर तसाच चौकोन आहे. एका कोपऱ्यात शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा आहे, त्यावर खिसा उसवल्याची रेघ अजून दिसते. लांब टाके माझ्या आजीचे, हे मावशीनं सांगितलं म्हणून मला कळलं. आजीची नजर उतरत चालली होती तेव्हाची ती वाकळ. मावशीनं सांगितलं नसतं, तर हे काम माझ्यासाठी नुसतं जुनं पांघरूण राहिलं असतं.

पटकुरं जोडून केलेल्या या वस्तूत रंगांची निवड आहे, आकारांची जुळणी आहे, कुठं थांबायचं याचं भान आहे. चित्रकाराकडून आपण याहून निराळं काय मागतो?

बेळगावला चित्रकलेची मोठी परंपरा आहे आणि मला तिचा अभिमान आहे. के. बी. कुलकर्णींसारखा गुरू या शहराला लाभला, रवी परांजपे त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे देशभर गाजले. ही परंपरा आपल्याला सांगता येते, कारण चित्राच्या कोपऱ्यात सही आहे. सहीमुळे कुणी कुणाकडून काय घेतलं, कुणी काय मोडलं आणि नवं केलं, हे पुढच्यांना शोधता येतं. वाकळीचीही अशीच गुरुपरंपरा आहे, आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे, एका गावातून लग्न होऊन दुसऱ्या गावात गेलेली. खानापूरकडच्या बाईच्या हातची वीण निपाणीकडे कशी पोचली, हा इतिहास लिहिण्याजोगा आहे. पण नावंच नसल्यामुळे तो लिहिताच येत नाही, आणि मग आपण ‘पारंपरिक’ असा शब्द वापरून मोकळे होतो.

मागे एका प्रदर्शनात चार वाकळा भिंतीवर टांगलेल्या पाहिल्या. मांडणी सुंदर होती, उजेड छान सोडला होता. त्यातल्या एकीत पिवळ्या आणि काळ्या कापडाचे त्रिकोण असे लावले होते की लांबून ते हलल्याचा भास व्हावा. खाली चिठ्ठी होती: प्रकार, माप, किंमत. ही कुणी केली, असं मी टेबलाशी बसलेल्या माणसाला विचारलं. ‘बायका करतात, खेड्यातल्या,’ तो म्हणाला. कुठल्या खेड्यातल्या? ते त्याला माहीत नव्हतं. माणूस भला होता, चहा घ्या म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच सभागृहात पलीकडच्या भिंतीवर निसर्गचित्रं होती आणि त्या प्रत्येकाखाली चित्रकाराचं नाव, शिक्षण आणि फोन नंबर होता. एकाच छताखाली दोन कायदे.

आणि नुसतं भिंतीवर टांगल्यानं हे सुटत नाही. ज्या व्हिटनी म्यूझियममध्ये फेथनं शिट्ट्या वाजवल्या, तिथंच 1971 मध्ये जुन्या अमेरिकन गोधड्यांचं मोठं प्रदर्शन झालं. गोधड्या आधुनिक अमूर्त चित्रांसारख्या पांढऱ्या भिंतींवर लावल्या गेल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. पण त्यांचं कौतुक झालं ते रंगांचं, आकारांचं आणि हे हेरणाऱ्या संग्राहकांच्या नजरेचं. शिवणाऱ्या बायका त्या कौतुकात कुठंच नव्हत्या, आणि पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकर्तीनं 1973 मध्ये त्यावर सडकून टीका केली. पुढे 2002 मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या त्याच संग्रहालयात आल्या, त्या मात्र शिवणाऱ्यांच्या नावानिशी. हे पाऊल मोठं होतं. पण गोधड्यांच्या नक्षी इतर मालावर छापून विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यात आमचा हक्काचा वाटा कुठं आहे असं विचारत त्यांतल्या काही जणी 2007 मध्ये कोर्टात गेल्या. 2008 मध्ये तडजोड झाली. म्हणून मी नावाबरोबर पैशाचं बोलते. भिंतीवर नाव आणि हातात काहीच नाही, असं झालं तर ती फसवणूक आहे.

आपल्याकडे हे सगळं जिथं सर्वांत नीट दिसतं ती जागा म्हणजे खानापूरपासून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडपर्यंतचं जंगल. तिथं सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि गोव्याहून निसटून घाटातल्या रानात आसरा घेतलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बोलीत कोकणी आहे, मराठी आहे, कन्नड आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला 2003 मध्ये. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी 2020 पर्यंत थांबावं लागलं. त्यांच्या बायका ज्या कवंद्या, म्हणजे त्यांच्याकडच्या वाकळा, शिवतात, त्या बघितल्या की नजर हटत नाही. कडेपासून सुरुवात करून गोल गोल फिरत मध्यापर्यंत यायचं, आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावायची. फुलांशिवाय कवंदी उघडी, अपुरी मानतात. आज परदेशातले लोक या कवंद्यांसाठी हल्याळ-यल्लापूरला येतात, अभ्यास करतात, संग्रहालयांसाठी घेऊन जातात. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांची एक पणती हार्लेममध्ये गोधडीवर सही करत होती, त्याच वर्षांत तसाच इतिहास अंगावर वागवणाऱ्या दुसऱ्या बायका आपल्या घाटात सही न करता शिवत होत्या. दोघींना एकमेकींची खबर नव्हती. आपल्याला आता दोघींची आहे, आणि ती असताना गप्प बसणं मला पटत नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातला एक मला हलका वाटतो आणि एक जड.

हलका असा की वाकळ पांघरायची वस्तू आहे, कला नव्हे. पांघरल्यानं तिच्यातली रंगांची जाण कमी होते असं ज्याला वाटतं, त्यानं देवळाच्या खांबावरची नक्षीही छताला आधार म्हणूनच बघावी. भद्रावतीत जन्मलेल्या शीला गौडा या चित्रकर्तीनं शेण, कुंकू, सुई आणि दोरा घेऊन जे उभं केलं, ते जगभरच्या दालनांत मांडलं गेलं आहे. 1998 च्या त्यांच्या एका कामात लांबच लांब दोरे एकेका सुईच्या नेढ्यातून ओढून घेतलेले, कुंकवानं माखलेले, जाड दोरखंडासारखे भिंतीवर आणि जमिनीवर पसरलेले, आणि टोकाला सुयांचा झुबका. आपल्याच राज्यात, आपल्याच घरातल्या जिनसा. त्यांना कला म्हणायला आपल्याला अडचण येत नाही, कारण तिथं कलाकाराचं नाव आहे आणि दालनाचा पत्ता आहे.

जड आक्षेप शिवणाऱ्या बायकांचाच आहे. आमच्या शेजारच्या एका आज्जीला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती दोरा ओवता ओवता म्हणाली, ‘नाव घालून काय करतलीस बाई? मी काय शिकलो नाही, आई करत होती ते बघून केलो. आणि ही मी एकटीनं कुठं केलो, चौघी बसलेलो.’ याला उत्तर देणं सोपं नाही. तिच्या बोलण्यात नम्रता आहे, पण एक सत्यही आहे. वाकळ खरंच चौघींची असते. एकच नाव पुढे करून बाकीच्या तिघींना मागे ढकललं, तर जे आजवर चौघींवर झालं तेच आपण तिघींवर करू. शिवाय चित्रकाराच्या सहीची जी मिजास असते, ती या सोप्यात आणायची काही गरज नाही. फेथचं आणि आपल्या आज्जीचं काम एकसारखं आहे असंही मी म्हणत नाही. फेथ कॉलेजात शिकलेली, तिच्या गोधड्यांत मधलं चित्र रंगवलेलं असे, ती भिंतीसाठीच शिवत होती. आज्जी नातवाच्या थंडीसाठी शिवते.

तरीही आज्जीच्या या उत्तरामागे जे ऐकू येतं ते आपण नीट ऐकलं पाहिजे. ‘मी काय शिकलो नाही’ हे तिला कुणी शिकवलं? आयुष्यभर जिच्या नावानं सात-बारा नाही, जिचं घरातलं नाव लग्नात बदललं, जिला पोरांच्या शाळेत अमक्याची आई म्हणून आणि सोसायटीत तमक्याची बायको म्हणून ओळखतात, तिनं वाकळीवर नाव मागावं अशी अपेक्षा धरणं हाच अन्याय आहे. तिनं मागितलं नाही म्हणून द्यायचं नाही, हा युक्तिवाद सोयीचा आहे, आणि तो नेहमी बायकांच्याच बाबतीत पुढे येतो. चौघींची असेल तर चार नावं घाला. दोन बहिणींची असेल तर दोन. एखादीला खरोखरच नको असेल तर तिचं नाव घालू नका, पण आधी तिला विचारा, आणि का विचारतो ते सांगून विचारा. दारोदार फिरून मजुरीनं वाकळा शिवून देणाऱ्या बायकांनाही हाच नियम लावा. कापड घरमालकिणीचं असलं तरी हात त्यांचे असतात.

धारवाडकडच्या कसूती या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलंच झालं. त्यानं प्रदेशाच्या नावाचं रक्षण होतं, बाजारातली नक्कल रोखायला आधार मिळतो. पण प्रदेश टाके घालत नाही. उद्या वाकळीलाही असं मानांकन मिळालं आणि शिवणाऱ्या तशाच निनावी राहिल्या, तर व्यापाऱ्याच्या हातात एक शिक्का वाढेल, इतकंच.

सरकारनं काय करावं याची यादी मला द्यायची नाही. आपल्या हातातलं आधी बघू. हिवाळ्यात आपल्या गावागावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव आणि आणखी कितीतरी ठिकाणी. गावकरी वर्गणी काढून, राबून ती उभी करतात. ती भाषेसाठीची जिद्द आहे आणि तिच्यापुढे माझी मान झुकते. ग्रंथदिंडीत नऊवारी नेसून, डोक्यावर कळस घेऊन बायकाच पुढे असतात. त्याच संमेलनात शाळेची एक खोली वाकळांसाठी द्यावी. घरोघरच्या वाकळा मागवाव्यात, जुन्या आणि नव्या, विकण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव, माहेर आणि सासर, कुणाकडून शिकली, साधारण कोणत्या वर्षी शिवली, आणि कापड कुठलं. गेलेल्या बाईची असेल तर लेकीनं किंवा सुनेनं सांगावं. नववी-दहावीच्या मुलींनी वहीत उतरून घ्यावं, मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा. ती वही गावच्या वाचनालयात राहील. बेळगावात 1848 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. कागद जपून ठेवायची सवय या मातीला आहे.

या खोलीत मराठीबरोबर कन्नड घरांतल्या, मुसलमान घरांतल्या, सिद्दी वस्तीतल्या वाकळाही याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. चिठ्ठी शिवणारीच्या भाषेत लिहावी, शेजारी दुसऱ्या भाषेतही लिहावी. आपल्याला पाटीवर आपली लिपी हवी असते ना, मग तिलाही तिची हवी. कुणी म्हणेल, यानं संमेलनाचा हेतू पातळ होतो. मला तसं वाटत नाही. मराठी टिकली ती मुख्यतः ज्यांच्या तोंडी राहिली त्या बायकांमुळे, आणि त्यांच्या शेजारणी कन्नड बोलत, उर्दू बोलत त्याच अंगणात दोऱ्याचं दुसरं टोक धरून बसल्या होत्या.

जे महिला मंडळ किंवा स्त्रीशक्ती संघ वाकळा विकतात, त्यांना एक साधी गोष्ट आजपासून करता येईल. कोपऱ्यात आतल्या बाजूनं चार बोटांची कापडी पट्टी शिवायची, त्यावर नाव आणि गाव दोऱ्यानं किंवा न धुपणाऱ्या शाईनं लिहायचं, आणि पावतीवर शिवणाऱ्यांना किती मिळाले तो आकडा छापायचा. घेणाऱ्यानं तो बघावा, आणि पट्टी नसेल तर विचारावं. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्यासाठी पट्टी शिवली जाते, हा बाजाराचा नियम आपल्या शनिवारच्या बाजारातही चालतो.

संमेलनांच्या बैठका दिवाळीनंतर सुरू होतात. अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, जेवणाचं कसं, यातच पहिल्या दोन बैठका जातात. खोलीचा विषय त्याआधीच काढायला हवा, आणि तो काढायला बैठकीत दोन-चार बायका बसलेल्या हव्यात. एकदा मंडपाचं माप आणि वर्गांचं वाटप ठरलं की मग जागा मागून मिळत नाही.